आधी सीटला विचारा

"रात्री उतरताना सीट मागे सारायला तुझे हात मोडतात का रे?"

"सारली होती मी, दादा."

"सारली होती! मग काय सीटला पाय फुटले? आपली आपण चालत पुढे आली?"

"मला काय माहीत? मागे घेतली, खटका वाजला, दार लावलं, घरात आलो."

स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभ्या असलेल्या वहिनीने हे भांडण भिंतीआडून ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं असं नाही. त्या घरात गजराचं घड्याळ नव्हतं, त्याची गरजही नव्हती. पहाटे दादा टॅक्सीत बसायला जात, गुडघा स्टिअरिंगवर आपटे, आणि सगळी आळी जागी होई.

दोघा भावांत टॅक्सी एकच. सकाळची पाळी दादांची, दुपारनंतरची धाकट्याची. दादा म्हणजे विजेचा खांब, आणि धाकटा जेमतेम त्यांच्या खांद्याला. देवाने एकाला देताना हात सैल सोडला आणि दुसऱ्याच्या वेळी आवरता घेतला. त्यामुळे एकाची सीट दुसऱ्याला चालायची नाही. धाकटा दीर म्हणजे वहिनीचे भावजी. ही गोष्ट त्यांचीच आहे, म्हणून आपणही त्यांना भावजीच म्हणू.

एरवी हे भांडण चहाच्या कपाबरोबर गार व्हायचं. त्या दिवशी दादांच्या तोंडून एक शब्द जास्त गेला.

"तू मुद्दाम करतोस," ते म्हणाले. "माझे गुडघे फुटावेत म्हणून मुद्दाम करतोस."

 भावजींनी खिशातून टॅक्सीची दुसरी किल्ली काढून फळीवर ठेवली आणि दाराशी येऊन म्हणाले, "वहिनी, माझा चहा ओतून टाका."

वहिनीने चहा ओतला नाही. झाकून ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यावर साय धरली, पण माणूस काही परत आला नाही. बोटभर खटक्यापायी दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. भांड्याला भांडं लागतं हे खरं, पण इथे एक भांडं घर सोडूनच गेलं.

भावजींनी आधी एका सीट-कव्हर शिवणाऱ्याकडे काम धरलं. फाटलेलं उसवायचं, नवीन चढवायचं. बसायच्या जागेवरून घर सुटलं आणि पोटही बसायच्या जागेवरच भरायला लागलं, याचं त्यांना स्वतःलाच हसू यायचं. मग बटणावर हलणाऱ्या सीटांच्या गाड्या आल्या. पुढे-मागे, वर-खाली, पाठ उभी, पाठ आडवी, सगळं बटणावर. त्यातल्या भारी गाड्यांना तर आठवणही असे. आपल्याला हवी तशी सीट एकदा लावायची आणि एक नंबर दाबून ठेवायचा. दुसऱ्याने आपली लावून दोन नंबर दाबायचा. मग कुणीही बसो, आपापलं बटण दाबलं की सीट घूं घूं करत आपापल्या जागी.

भावजींनी ही गंमत पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ते म्हणे एक नंबर, दोन नंबर, एक नंबर, दोन नंबर असं दाबतच बसले. शेवटी गाडीचा मालक म्हणाला, "अहो, पाळणा आहे का तो?"

तेव्हापासून त्यांनी तोच धंदा धरला. टायरवाला आणि काचवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांचं दुकान होतं. भिंतीवर खिळ्यांना सीटच्या छोट्या मोटारी टांगलेल्या, कांद्याच्या माळा टांगाव्या तशा. एका बरणीत सीटखाली सापडलेला ऐवज: कंगवे, पेनांची टोपणं, एकेकटी कानातली, आणि एक दुधाचा दात. लोक त्यांना खुर्चीमास्तर म्हणू लागले. लग्न त्यांनी केलं नाही. वहिनीने विषय काढला की म्हणायचे, "जगाची दोन-दोन माणसं एका सीटवर जुळवताना वेळ कुठे मिळतो?"

वहिनी भाजीला जाताना तिकडे डोकावून यायची. घरी दादा विचारत, "कुठे गेली होतीस?"

"भाजीला."

"भाजीला ग्रीसचा वास येतोय."

"आजकाल काय काय फवारतात, कुणाला माहीत," म्हणत ती पिशवी उलटी करून धुवायला घ्यायची. दादाही पुढे विचारत नसत. एवढंच की ती तिकडून आली, की त्या दिवशी जेवताना ते सहज विचारल्यासारखं विचारत, "बाजार ठीक आहे ना?" आणि ती म्हणे, "ठीक आहे. जरा वाळलाय."

दुकानातल्या स्टुलावर बसून वहिनीने भावजींचं काम पुष्कळ पाहिलं. ते हत्यारांच्या पेटीला आधी हात लावायचेच नाहीत. गिऱ्हाईकाच्या सीटवर जाऊन बसायचे, डोळे मिटायचे आणि एकेक बटण दाबून कान द्यायचे. मोटार घूं करते पण सीट जागची हलत नाही, म्हणजे आतला दातेरी गियर झिजलाय. नुसतं टिक वाजतं, म्हणजे मोटारीपर्यंत वीज पुरेशी पोचत नाही. काहीच वाजत नाही, म्हणजे फ्यूज उडालाय, नाहीतर झाडलोट करताना कुणीतरी खालचा प्लग ढकललाय. आणि जाता जाता अडखळते, म्हणजे सीट सरकायच्या पट्टीत पेन्सिल अडकली आहे. त्यांच्या आधी कुणा दुसऱ्याने थेट मोटारच बदललेली असली, की ते पुटपुटत, "रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

सीट उचलायची तर आधी बॅटरी सोडायची आणि जरा दम धरायचा. सीटखालच्या पिवळ्या प्लगच्या वाटेला तोवर जायचं नाही, कारण तो फुग्याचा. अपघातात जो फाडकन फुगतो, तो. "तो एकदा फुगला, की गाडी माझी आणि मी देवाचा," असं ते सांगत.

बॅटरी सोडली की काही सीटा सगळं विसरायच्या. वहिनीला त्या सीटांची फार दया येई.

"मग आता हो?"

"मग काही नाही, वहिनी. हिला पार पुढच्या टोकाला न्यायचं, ती थांबली तरी बटण जरा धरून ठेवायचं. मग पार मागच्या टोकाला, तसंच. दोन्ही टोकं कळली, की अधलीमधली जागा तिची तिला सापडते. मग पुन्हा शिकवायचं."

"माणसांचं असं असतं, तर तुम्हा दोघांची दोन्ही टोकं कधीच गाठून झाली."

भावजी हसले, आणि उत्तर म्हणून पाना मागितला.

एकदा एक नवरा-बायको आले ते भांडतच.

"मास्तर, माझी सीट ही रोज मुद्दाम बदलते!"

"मी? यांना स्वतःचा चष्मा डोक्यावर आहे हे आठवत नाही, सीट कुठली आठवणार!"

"भांडण चालू द्या," मास्तर म्हणाले, "फक्त जरा फूटपाथवर. मला सीटचं ऐकू येत नाहीये."

त्यांनी एक नंबर दाबला. सीट मागे, साहेबांच्या जागी गेली. दोन नंबर दाबला. पुढे, बाईंच्या जागी आली. सीट शहाणी होती. मग त्यांनी दोघांच्या किल्ल्या मागितल्या. त्या गाडीत प्रत्येक किल्लीला आपल्या माणसाची जागा ठाऊक होती. ज्या किल्लीने दार उघडावं, त्या माणसाची सीट लागे. आणि घरी दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला! हाताला येईल ती घेऊन दोघं निघायचे. मास्तरांनी बाईंच्या किल्लीला लाल दोरा बांधला आणि काम संपलं.

साहेब ओशाळून म्हणाले, "म्हणजे ही मुद्दाम नव्हती करत?"

त्या शब्दावर भावजींचा हात क्षणभर थांबलेला वहिनीने पाहिला.

"मुद्दाम सहसा कुणी काही करत नाही, साहेब. आधी सीटला विचारावं. मग माणसाला."

ते गेल्यावर वहिनीने सुनावलंच. "हे शहाणपण घरी का नाही चाललं?"

"आमच्या सीटला बटणं नव्हती, वहिनी. मुकी सीट. तिला काय विचारणार?"

दिवस जात राहिले. टॅक्सी भंगारात गेली. दादा घरी बसले. आणि एक दिवस न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काम झकास झालंय, आता व्यायाम. व्यायामाच्या बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. तिकडे जायचं म्हणजे भाड्याच्या गाडीत बसायचं, आणि त्या गाड्यांच्या सीटा बसक्या. ताडासारखा माणूस, न वाकणारा पाय आणि खड्ड्यातली सीट! पहिल्याच फेरीत दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या फेरीत ते अर्ध्यातून उतरले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मी बरा आहे असाच."

व्यायामाच्या बाईंनी फोनवर वहिनीला स्पष्ट सांगितलं, "आजी, आता आणलं नाहीत तर पाय असाच धरून बसेल. मग त्यांना खाटेवरून उठवायला माणूस ठेवा."

जन्मभर गाडी चालवलेला माणूस खाटेवर पडून छताकडे पाहतो, हे वहिनीला बघवेना. ती भाजीची पिशवीसुद्धा न घेता दुकानात गेली.

भावजींनी ऐकून घेतलं. बरणीतला दुधाचा दात उगाच हलवला. मग म्हणाले, "माझ्या जुन्या गाडीत ड्रायव्हरशेजारची सीट बदलतो. भंगारात एक आठवणवाली पडलीय. एक नंबर चढायचा: सीट पार मागे, पार वर, पाठ जरा कललेली. दादाने नुसतं टेकायचं, पाय सरळच ठेवायचा. दोन नंबर बसून जायचा. मला फक्त त्याची मापं हवीत."

"ती कशी आणू? ते देतील का?"

"टेप देतो."

वहिनीने दादांना सांगितलं, पायजमे शिवायला टाकायचेत. दादा मुकाट्याने मापं देत राहिले. शेवटी म्हणाले, "पायजम्याला पाठीपासून गुडघ्यापर्यंतचं माप लागतं होय?"

"नवीन पद्धत आहे."

"शिंपी कोण?"

"बाजारातलाच. वाळलेला."

दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण टेप झटकला नाही.

भावजींनी ती सीट स्वतःच्या गाडीत बसवली. छिद्रं जुळेनात, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून खाली पट्ट्या करून घेतल्या. बॅटरीपासून वेगळी वायर ओढली, तिला वेगळा फ्यूज. दुकानात कव्हरं शिवणाऱ्या शिलाईताईने बैठकीत एक मऊ थर जास्त घातला. दोन्ही टोकं शिकवून झाली, मापाप्रमाणे दोन्ही जागा लावून झाल्या. दादांच्या जागी वजन म्हणून वाळूची पोती बसवून भावजी गावभर हिंडले. टायरवाला ओरडला, "मास्तर, पाव्हणे बोलत नाहीत वाटतं?"

"आमच्या घराण्याची पद्धतच आहे," मास्तर म्हणाले.

ठरल्या सकाळी गाडी फाटकाशी उभी राहिली.

"कोण आलंय?" दादांनी आतून विचारलं.

"गाडी आलीय."

"कुणाची?"

"तुमच्या धाकट्या भावाची. चला, शर्ट बदला."

"सांग त्याला, दादा झोपलेत."

"त्यांना ऐकू जातंय, अहो. इतक्या मोठ्याने कुणी झोपतं का?"

"मग सांग, जागा आहे पण यायचा नाही. जो माझ्या गुडघ्यांवर उठला होता, त्याने आता माझ्या पायाची काळजी करू नये."

वहिनी बाहेर आली ती डोळे पुसतच. भावजी फाटकातून आत आले होते, इतक्या वर्षांत प्रथमच, आणि व्हरांड्याच्या पायरीशी अवघडून उभे होते.

"बसा, भावजी. घडीभर बसा तरी."

व्हरांड्यात बसायला एकच जागा होती. टॅक्सी भंगारात निघाली, तेव्हा वहिनीने तिची ड्रायव्हरची सीट हट्टाने ठेवून घेतली होती. स्प्रिंगा चांगल्या होत्या. सुताराने ती पट्ट्यांसकट फळीवर ठोकून दिली, वहिनीने वर जुन्या चादरीचं कव्हर घातलं. तिच्यावर बसून ती शेंगा सोलायची. दादा मात्र त्या सीटवर कधी टेकले नाहीत.

भावजी बसले. पाठ टेकली. आणि सीट त्यांना घेऊन हळूच पुढे निघाली, व्हरांड्याच्या फरशीचा उतार होता तिकडे, थेट पट्टीच्या टोकापर्यंत.

"अगं बाई!" वहिनी धावली. "सकाळी पुसायला घेतलं ना, मी ठोकळा काढला. थांबा हं." तिने कोपऱ्यातून लाटण्याचा तुटका तुकडा आणला. "हा पट्टीत अडकवून ठेवावा लागतो. नाहीतर उताराला लागते मेली."

भावजी उठले होते. चेहरा असा, की वहिनीला वाटलं, कुठे लागलं की काय.

"वहिनी, ही आपल्या टॅक्सीची सीट?"

"मग कुणाची?"

"कधीपासून सरकते?"

"आणली तेव्हापासून. मला वाटलं, सगळ्याच सरकतात."

भावजी गुडघ्यांवर बसले. चादर वर केली, सीट मागे ढकलली. खट्. खटका वाजला. सीट थांबली. त्यांनी हात काढला, वाट पाहिली. सीट जागच्या जागी. मग त्यांनी फळीवर मूठ आपटली, दार आपटावं तशी. खटका निसटला आणि सीट निघाली उताराला.

त्यांनी पुन्हा मागे ढकलली. पुन्हा खट्. पुन्हा मूठ. पुन्हा निघाली.

त्या काळी टॅक्सी रात्री घरासमोर उताराला तोंड करून लागायची; भावजी घर सोडून गेल्यावर दादा ती नाक्यावरच्या सपाटीला लावू लागले होते. आणि तिचं दार असं आडमुठं, की जोरात आपटल्याशिवाय बंद व्हायचं नाही. भावजी रोज सीट मागे घेत, खटका ऐकत, बाहेर येऊन दार आपटत. आणि मग आत, त्यांच्या पाठीमागे, सीट शांतपणे पुढे चालत जाई.

"दादा!" भावजींनी हाक मारली. इतक्या वर्षांनी मारलेली हाक, आवाज फाटला. "दादा, इकडे ये. सीटला पाय फुटलेत."

 आतून वॉकरची टकटक. एक टक, एक उसासा. टक, उसासा. वहिनीला मदतीला जावंसं वाटत होतं, पण तिने स्वतःला दाराच्या चौकटीला धरून ठेवलं. ज्या माणसाला मोरीपर्यंत जायलाही वहिनीचा खांदा लागत होता, तो आपल्या पायांनी व्हरांड्यात आला.

 भावजींनी सीट मागे घेतली. खट्. मग बाजूला झाले. "आता तू आपट."

दादांनी वॉकर उचलून फरशीवर दणकन टेकवला. सीट निघाली आणि त्यांच्या पायाशी येऊन थांबली, बोलावल्यासारखी.

"खटक्याच्या या दाताची धार गेलीय," भावजी बोटाने दाखवत म्हणाले. "पट्टीत धड अडकतच नाही. नुसता आवाज करतो. तुझंही खरं होतं. माझंही."

दादा त्या झिजलेल्या दाताकडे बघत राहिले.  मग म्हणाले, "एवढा मास्तर झालास, आणि घरची सीट बघायला इतकी वर्षं लागली?"

"सीट तुझ्या व्हरांड्यात होती. बोलावलंस कधी?"

"तू आला असतास."

"तू मुद्दाम म्हणाला होतास."

 दादा वहिनीवर घसरले. "आणि तू! लाटणं अडकवून बसलीस. एकदा बोलायचं होतंस!"

"तुमची सीट आहे, चालायची. मला वाटलं, घराण्याचा गुण असेल." ती हसत होती आणि रडतही होती. "चहा टाकू का? की गाडीत बसताय?"

"चहा आल्यावर," दादा म्हणाले. "आधी ती शिंप्याची सीट बघू."

एक नंबरवर सीट मागे आणि वर गेली. दादा पाठमोरे होऊन टेकले, पाय सरळ आत घेतला, आणि तोंडातून हाय निघालं नाही. दोन नंबरवर घूं घूं करत जागी आले. निघताना एवढंच म्हणाले, "पाठ जरा मागे हवी."

"मापं वहिनीने घेतलीत. तक्रार तिकडे."

त्यानंतर आठवड्यामागून आठवडे ती गाडी फाटकाशी येत राहिली. वॉकर गेला, काठी आली. मग काठीही फक्त कुत्र्यांसाठी उरली. व्यायामाच्या बाईंचं काम संपलं, तरी गुरुवारची फेरी सुटली नाही. दोघे पुलाजवळच्या बाकावर जाऊन बसत. काय बोलत, देव जाणे. वहिनीने विचारलं की दादा म्हणत, "रस्ता." भावजी म्हणत, "मोटारी." शुक्रवारी मात्र दादा दुकानात स्टुलावर बसू लागले, आणि वहिनीला भाजीचं खोटं सांगायची गरज उरली नाही. व्हरांड्यातली सीट भावजींनी नवा दात बसवून नीट केली. लाटण्याचा तुकडा वहिनीने टाकला नाही, ज्याची-त्याची माया.

भावजी गेले ते थंडीत, झोपेतच, कुणाला तसदी न देता. दुकान शिलाईताई चालवते. तीही आधी सीटवर बसून डोळे मिटते. गाडी दादांकडे आली. फार लांब नाही, बाजारापर्यंतच, पण चालवतात. शेजारी वहिनी बसते आणि तिचा आता तीन नंबर आहे.

भावजींची शेवटची फेरीसुद्धा अशीच एक गुरुवारची होती. पुलावरून येताना वहिनीचा मिक्सर दुरुस्तीवाल्याकडून घेतला. फाटकाशी थांबून दादांना उतरवलं. दादा म्हणाले, "पाठ अजून मागे हवी." भावजी म्हणाले, "बघू." मिक्सर व्हरांड्यात नेऊन ठेवला, वहिनीने दिलेला चहा उभ्या उभ्या घेतला. मग गाडीकडे येऊन, पुढच्या फेरीला दादा चढायचे म्हणून, एक नंबर दाबला. कान देऊन उभे राहिले. सीट पार मागे गेली, पार वर गेली, घूं घूं थांबलं. मग त्यांनी दार लावलं. आपटलं नाही. तळहात टेकवून, हलकेच दाबून लावलं, आणि पलीकडून गाडीत बसून निघून गेले.